रंगवलेल्या ब्लास्टरचा रंग पुन्हा पुन्हा का सुटतो: निदान आणि उपाय

फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यातल्या ब्लास्टरला काळा किंवा पोलादी रंग देऊन त्याची विज्ञानपटात शोभेल अशी प्रतिकृती बनवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रंगवून झाल्यावर वस्तू देखणी दिसते, छायाचित्रेही उत्तम येतात. पण हाताळणी सुरू झाली की काही आठवड्यांत कडांवरून रंगाचे पोपडे सुटू लागतात, मूठ चिकचिकीत होते आणि सरकत्या भागाखालून मूळचे पिवळे किंवा नारिंगी प्लास्टिक डोकावू लागते. मग तेवढाच भाग घासून पुन्हा रंगवला जातो आणि पुन्हा तेच घडते. या टप्प्यावर बहुतेक जण रंगाचा डबा बदलतात. डबा बदलून हा प्रश्न सुटल्याचे क्वचितच दिसते, कारण दोष बहुधा रंगात नसतो. तो रंगाखालच्या पृष्ठभागात किंवा दोन थरांमध्ये दिलेल्या वेळेत असतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. रंग पोपड्यांनी सुटणे हा कामातला दोष आहे आणि तो टाळता येतो. हाताच्या आणि सुट्या भागांच्या घर्षणाने रंग झिजणे हा मात्र वापराचा परिणाम आहे. तो लांबवता येतो, थांबवता येत नाही, आणि म्हणून झिजेखालून काय दिसेल याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. सुटणाऱ्या रंगाला झिजणारा रंग समजून वरून क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावर द्यायच्या पारदर्शक संरक्षक लेपाचे, थरावर थर चढवत राहण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो, पण तो उलटतो: ज्या थराचा पायाच सुटला आहे त्यावर कितीही कडक कवच बसवले तरी ते पोपड्यासकट निघते, आणि जाडी वाढल्यामुळे अधिक मोठ्या तुकड्यांत निघते.

पोपडा उलटून पाहावा

घासकाम सुरू करण्यापूर्वी एक सुटलेला पोपडा नखाने किंवा चिकटपट्टीने अलगद उचलून त्याची आतली बाजू चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली पाहावी. निदानाचे निम्मे काम येथेच होते.

पोपड्याची आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल, इतकी की खेळण्याच्या कवचावरची बारीक खरखर किंवा कोरलेल्या अक्षरांची कड तिच्यावर साच्यासारखी उमटलेली दिसेल, तर प्रायमरने, म्हणजे रंगाआधी पकडीसाठी दिलेल्या थराने, प्लास्टिकला कधी धरलेच नव्हते. अशा वेळी पृष्ठभागावर तेलकट अंश राहिला होता, तो पुरेसा घासलेला नव्हता, किंवा ते प्लास्टिकच रंग न धरणाऱ्या जातीचे आहे. प्रायमर खेळण्यावर शाबूत राहून केवळ वरचा रंग सुटला असेल, तर दोष दोन थरांमधला आहे आणि प्लास्टिकला बोल लावण्यात अर्थ नाही. आतली बाजू भुकटीसारखी असून बोटाला राखाडी पूड लागत असेल, तर फवारा फार दूरून मारला गेला आहे किंवा घासल्यानंतरची धूळ नीट पुसली गेलेली नाही. रंगाचे तुषार हवेतच वाळून पृष्ठभागावर कोरडे येऊन बसले की ते एकजीव होत नाहीत. पोपडाच निघत नाही, पण नखाने खळगा पडतो आणि बोटाचे ठसे उमटतात, अशी अवस्था असेल तर रंग आतून कडकच झालेला नाही.

एकाच ब्लास्टरवर ही सर्व लक्षणे वेगवेगळ्या भागांवर एकत्र नांदू शकतात. म्हणून कवच, मूठ, घोडा, सरकता भाग आणि नळीचे टोक यांचे निदान स्वतंत्रपणे करावे.

तेलकट अंश आणि कामाचा क्रम

वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरल्यावर तयार भाग सहज सुटावा म्हणून साच्याला निसटते द्रव्य लावतात आणि त्याचा अंश खेळण्यावर राहू शकतो. त्याहून त्रासदायक म्हणजे आतल्या दट्ट्याला, रबरी कडीला आणि सरकत्या पट्ट्यांना लावलेले ग्रीस. ते बहुधा सिलिकोनचे असते. ब्लास्टर उघडताना बोटांना लागलेले ग्रीस नकळत कवचावर पसरते आणि त्यावर मारलेला रंग जागोजागी गोल खड्ड्यांनी फाकतो. रंगकाम करणारे या खड्ड्यांना फिशआय म्हणतात. असे खड्डे दिसले की वरून आणखी रंग मारून ते बुजत नाहीत. रंग पूर्ण वाळू द्यावा, तो भाग घासावा आणि धुण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

ब्लास्टर उघडण्यापूर्वी त्याची स्प्रिंग मोकळी आहे, म्हणजे तो ताणून ठेवलेला नाही, याची खात्री करावी. ताणलेली स्प्रिंग कवच उघडताच भाग उडवते आणि डोळ्याला इजा करू शकते. आतल्या रचनेचे छायाचित्र काढून ठेवावे आणि स्क्रू ज्या छिद्रातले त्या छिद्राच्या खुणेसह ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा सारखी नसते आणि लांब स्क्रू उथळ छिद्रात आवळला तर तो रंगवलेल्या कवचाला आतून फोडतो.

सफाईत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी धुणे, मग घासणे, मग पुन्हा धुणे. न धुता घासले तर पॉलिश पेपर तेलकट अंश ओरखड्यांच्या तळाशी नेऊन बसवतो आणि नंतरच्या धुण्यात तो सहजी निघत नाही. भांडी धुण्याचा साधा साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश एवढे पुरते. पाणी उकळते घेऊ नये. पातळ कवचे उष्णतेने वाकतात आणि मग दोन अर्धे जुळताना फट राहते. त्यानंतर ४०० क्रमांकाच्या पाणकागदाने सर्व पृष्ठभागाची चमक जाईपर्यंत घासावे. कवचावरची उठावाची बोधचिन्हे आणि इशाऱ्याची अक्षरे काढायची असतील, तर २२० पासून सुरुवात करून ४०० वर थांबावे. प्रायमरपूर्वी ८०० किंवा १००० पर्यंत जाऊन पृष्ठभाग काचेसारखा करण्याचा मोह अनेकांना होतो. ती तकतकी नंतरच्या थरांवर आणावी, प्रायमरला मात्र बारीक ओरखड्यांचा आधार हवा असतो.

घासून झालेला भाग वाहत्या पाण्याखाली धरून पाहावे. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. एखाद्या जागी ते थेंबाथेंबांनी आक्रसत असेल तर तेथे तेलकटपणा शिल्लक आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घेऊन, एकाच दिशेने पुसावे आणि त्यानंतर त्या भागाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. अ‍ॅसिटोन किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव सफाईसाठी वापरू नये, कारण कवच ज्या एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असते ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते.

सगळे प्लास्टिक एकच नसते

इतकी सफाई करूनही ठरावीक भागांवरचाच रंग पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर ते भाग वेगळ्या प्लास्टिकचे आहेत असे समजून तपासणी करावी. ब्लास्टरचे कवच सहसा एबीएसचे असते आणि एबीएस रंग चांगला धरते. घोडा, खटके आणि घसरणाऱ्या पट्ट्या यांसाठी मात्र अनेकदा पॉलीअ‍ॅसिटल वापरले जाते, कारण ते मुळातच निसरडे आणि झिजेला चिवट असते. काही टोपणे आणि लवचीक खटके पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीथिलीनचे असतात. द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरण्यासाठी त्या पृष्ठभागाची ऊर्जा पुरेशी असावी लागते. एबीएसची पृष्ठऊर्जा दर मीटरला ४० मिलीन्यूटनच्या आसपास असते, तर पॉलीप्रॉपिलीनची सुमारे ३०. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, परंतु रंग धरणे आणि न धरणे यांची सीमारेषा याच दरम्यान असते. शिवाय एबीएसवर रंगातले द्रावक पृष्ठभाग किंचित मऊ करून थोडे आत शिरते आणि पकड वाढवते; पॉलीप्रॉपिलीनवर किंवा पॉलीअ‍ॅसिटलवर ते काहीच करू शकत नाही.

काही भागांच्या आतल्या बाजूला एबीएस, पीपी (पॉलीप्रॉपिलीन), पीओएम (पॉलीअ‍ॅसिटल) अशी आद्याक्षरे कोरलेली असतात. नसतील तर घरच्या घरी तपासता येते. भागाच्या न दिसणाऱ्या बाजूचा एक छोटा, भरीव काप धारदार पात्याने काढावा. भांड्यात पाणी घेऊन त्यात साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे पृष्ठताणामुळे किंवा चिकटलेल्या बुडबुड्यामुळे काप खोटाच तरंगणार नाही, आणि काप बोटाने पूर्ण बुडवून सोडावा. तो वर आला तर ते पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीथिलीन आहे, कारण त्यांची घनता पाण्यापेक्षा कमी, अनुक्रमे सुमारे ०.९० आणि ०.९१ ते ०.९७ असते. बुडाला तर तोच काप मिठाच्या दाट पाण्यात टाकावा. १०० ग्रॅम पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की पाण्याची घनता १.१७ च्या वर जाते. एबीएसची घनता १.०५ च्या आसपास असल्यामुळे ते या पाण्यात तरंगते, पॉलीअ‍ॅसिटल १.४ च्या आसपास असल्यामुळे तळाशीच राहते. पूर्ण भाग पाण्यात टाकून मात्र निर्णय करू नये; पोकळीत अडकलेली हवा हमखास फसवते.

पॉलीप्रॉपिलीनच्या भागासाठी प्लास्टिकवरील पकड वाढवणारे वेगळे द्रव मिळते. अशा द्रवांमध्ये सहसा क्लोरीनयुक्त पॉलीओलेफिन असते, ज्याचा एक अंग खालच्या प्लास्टिकशी आणि दुसरा वरच्या रंगाशी जुळतो. त्याचा अगदी पातळ, जेमतेम ओला दिसेल असा एकच हात द्यावा आणि डब्यावर सांगितलेल्या अवधीतच, जो बहुधा काही मिनिटांचा असतो, वरचा रंग मारावा. ते पूर्ण वाळू दिले तर त्याचा उपयोग बराचसा वाया जातो. धातूसाठीचा सेल्फ-एच प्रायमर येथे कामाचा नाही. त्यातले आम्ल धातूला चरे पाडण्यासाठी असते आणि प्लास्टिकवर त्याची मात्रा चालत नाही. पॉलीअ‍ॅसिटलच्या घोड्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: तो रंगवूच नये. तो फिक्या रंगाचा असेल तर कृत्रिम धाग्यांसाठी मिळणाऱ्या डिस्पर्स प्रकारच्या रंगात, गरम पाण्यात बुडवून त्याला गडद करता येते. रंग प्लास्टिकमध्ये मुरत असल्यामुळे पोपड्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र हे एबीएसच्या कवचावर करू नये, तेवढ्या उष्णतेत ते वाकडे होते.

नळीच्या टोकावरचा नारिंगी भाग अनेकदा वेगळ्या प्लास्टिकचा असतो आणि त्यावरचा रंग सर्वांत आधी सुटतो. तो रंगवण्याची खटपटच करू नये. ही वस्तू खेळणे आहे हे दुरून ओळखता यावे म्हणून तो रंग असतो आणि अनेक देशांत त्यासंबंधी कायदेही आहेत. टोकाला मास्किंग टेप लावून ते जसेच्या तसे ठेवावे, आणि धातूसारखी दिसणारी कोणतीही प्रतिकृती घराबाहेर नेताना बंद पेटीतूनच न्यावी. रंगाचे काम जितके चांगले, तितका समोरच्याचा गैरसमज होण्याचा धोका मोठा.

दोन थरांमधली वेळ

वरचा रंग प्रायमरवरून सुटत असेल किंवा दुसरा हात मारताच पृष्ठभाग सुरकुतत असेल, तर वेळेचा हिशेब तपासावा. एनॅमल प्रकारचा रंग दोन टप्प्यांत कडक होतो: आधी त्यातले द्रावक उडून जाते, आणि नंतर उरलेला थर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतो. पहिल्या तासाभरात थर अजून एकसंध मऊ असतो, त्यामुळे वरचा हात त्यात मिसळून जातो. त्यानंतर वरची साय धरते पण आतले द्रव्य कच्चे असते. या मधल्या काळात नवा हात मारला की त्याचे द्रावक सायीला फुगवते, फुगायला जागा नसल्यामुळे ती आक्रसते आणि सुरकुत्या पडतात. म्हणूनच अनेक एनॅमल डब्यांवर दुसरा हात एका तासाच्या आत किंवा थेट ४८ तासांनंतर मारावा, अशी सूचना असते. डब्याडब्यावर हा अवधी निराळा असल्यामुळे तो वाचूनच कामाला लागावे. ४८ तासांनंतर मारायचा असेल तर खालचा थर ६०० च्या कागदाने हलकेच खरवडून घ्यावा, नाहीतर कडक झालेल्या चकचकीत थरावर नवा थर नुसता टेकून राहतो.

लॅकर केवळ द्रावक उडून वाळते आणि तेच द्रावक लागले की पुन्हा विरघळते. त्याचे द्रावक तीव्र असते. त्यामुळे पूर्ण वाळलेल्या लॅकरवर एनॅमल चालते, परंतु एनॅमलवर लॅकर मारले की खालचा थर उचलला जाण्याची भीती असते. वेगवेगळ्या जातींचे डबे एकाच कामात वापरायचे असतील तर आधी प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर सर्व थर त्याच क्रमाने आणि तितक्याच अंतराने मारून पाहावेत. हा तुकडा पुढेही जपून ठेवावा, चिकटपट्टीची चाचणी त्याच्यावरच करता येते.

थरांची जाडी हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. एका भरघोस हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे, कारण जाड थराची साय लवकर धरते आणि आतले द्रावक दिवसेंदिवस कोंडलेले राहते. २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. हवा दमट असेल तर काम पुढे ढकलावे. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि लॅकरवर दुधी झाक येते. काम मोकळ्या हवेत करावे आणि नुसत्या धुळीच्या मास्कवर विसंबू नये. द्रावकाच्या वाफांसाठी सेंद्रिय वाफा शोषणारे फिल्टर असलेला मास्क लागतो.

मूठ चिकट का राहते

मूठ सोडून बाकी सर्व कवच कडक झाले असेल, तर मुठीवर मऊ रबरासारखे आवरण आहे का ते पाहावे. मऊ पीव्हीसीला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य त्यात कायम बांधलेले नसते. ते हळूहळू पृष्ठभागाकडे येते, वरच्या एनॅमलमध्ये शिरते आणि त्याला कधीच घट्ट होऊ देत नाही. अशी मूठ महिनाभर उन्हात ठेवली तरी चिकटच राहते. त्यावरचा रंग पूर्ण काढून टाकणे हाच इलाज आहे. त्या जागी पाण्यावर आधारलेला लवचीक अ‍ॅक्रिलिक किंवा खास व्हिनाइलसाठीचा रंग वापरता येतो, पण मला विचाराल तर मुठीला कातड्याची किंवा सुती पट्टी गुंडाळणे अधिक शहाणपणाचे. हातातली वस्तू वापरातली वाटते आणि रंगाच्या कटकटीतून सुटका होते.

आवरण मऊ नसतानाही मूठ चिकट होत असेल, तर घामातली व त्वचेवरची तेले आणि हाताला लावलेली मलमे रंगात मुरत आहेत. दोन घटकांचा, हार्डनर मिसळून वापरायचा क्लिअर कोट यावर टिकतो हे खरे. परंतु त्यातले आयसोसायनेट श्वसनाला घातक असून त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारे साधन लागते. घरी काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

साठवणही पाहावी. रंगवलेला ब्लास्टर बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद गाडीत ठेवला, की उष्णतेने मऊ झालेल्या रंगावर बुडबुड्यांची नक्षी कायमची उमटते. सुती कापड वापरावे.

सरकते भाग

येथे रंग सुटत नाही, खरवडला जातो. फवाऱ्याचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा होतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून १०० मायक्रॉन सहज होतात, आणि समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर मिळून ०.२ मिलिमीटर. सरकत्या भागासाठी ठेवलेली फट अनेकदा इतपतच असते. त्यामुळे पट्ट्या, खाचा आणि एकमेकांवर घासणाऱ्या कडा रंगवण्यापूर्वी मास्किंग टेपने झाकाव्यात. कोणत्या जागा घासतात हे अंदाजाने ठरवू नये: न रंगवलेल्या भागावर मऊ पेन्सिल फिरवून भाग जोडावा, दहा-बारा वेळा सरकवावा आणि उघडून पाहावे. जेथे पेन्सिल पुसली गेली आहे, तेथे रंगाला जागा नाही. बाहेरून दिसणारीच एखादी जागा घासत असेल, तर ती ४०० च्या कागदाने रंगाच्या जाडीइतकी आधी उतरवून घ्यावी.

घर्षण होणारच अशा कडांसाठी थरांची रचना बदलावी. काळ्या प्रायमरवर आधी चंदेरी रंग द्यावा, तो पूर्ण कडक झाल्यावर त्यावर गडद रंगाचा पातळ हात द्यावा. पुढे वापराने वरचा रंग झिजला तरी खालून पिवळे प्लास्टिक दिसण्याऐवजी धातूची रेघ दिसते, आणि ती नेमकी तेथेच दिसते जेथे खऱ्या वापराने दिसली असती. ब्रशने काढलेले ओरखडे इतके पटणारे क्वचितच असतात.

धातूचा आभास आणि त्यातून येणारे दोष

सफाई, प्लास्टिक आणि वेळ हे सारे बिनचूक असूनही वरचे थर सुटत असतील, तर जुनेपणा आणण्यासाठी वापरलेल्या युक्त्यांवर संशय घ्यावा. मॅट काळ्यावर ग्रॅफाइटची पूड चोळली की तोफेच्या धातूसारखी खोल, करडी चमक येते; पण ग्रॅफाइट हे मुळात वंगण आहे. सैल पूड तशीच राहू देऊन त्यावर क्लिअर कोट मारला तर तो वंगणाच्या थरावर बसतो आणि पहिल्या धक्क्याला निघतो. पूड कापडाने घोटून, कापडाला काळे लागणे जवळपास थांबेपर्यंत पुसावी, क्लिअरचे अगदी विरळ तुषार द्यावेत, आणि शक्य असल्यास ग्रॅफाइटचा वापर क्लिअर कोट झाल्यानंतर, हात न लागणाऱ्या जागांपुरताच करावा.

रंगाच्या दोन थरांमध्ये केसांचा स्प्रे मारून, नंतर पाण्याने वरचा थर टवके उडाल्यासारखा उचलण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. हा मधला थर पाण्यात विरघळणारा असतो म्हणूनच युक्ती चालते, आणि म्हणूनच काम झाल्यावर ओल्या हातांनी वस्तू धरली की टवके उडतच राहतात. टवके मनासारखे झाले की वस्तू चोवीस तास कोरडी होऊ द्यावी आणि टवक्यांच्या कडांसकट पूर्ण पृष्ठभाग क्लिअरने बंद करावा.

आरशासारख्या चंदेरी रंगाचे उलटे आहे. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पापुद्र्यांसारखी कणी पृष्ठभागावर आडवी पसरलेली असते म्हणून तो चमकतो. तीव्र द्रावकाचा क्लिअर कोट ती कणी हलवतो आणि चमक जाऊन साधा राखाडी उरतो. तेथे पाण्यावर आधारलेले वार्निश पातळ हातांनी द्यावे, किंवा तो भाग हात न लागेल अशाच जागी योजावा.

भेगांमध्ये काळे-तपकिरी तेलकट पाणी मुरवून मळ दाखवताना ते स्क्रूच्या छिद्रांभोवती साचू देऊ नये. तेथे प्लास्टिक आवळलेल्या ताणाखाली असते आणि पातळ करण्याचे द्रावक लागले की त्या ताणावर भेगा जाऊ शकतात. हे काम कवच उघडे असताना, स्क्रू बसवण्यापूर्वी उरकावे.

चाचणी आणि तुकड्यापुरती दुरुस्ती

पकड बसली की नाही हे ठरवण्यासाठी रंगउद्योगात आयएसओ २४०९ या मानकातली जाळीची चाचणी वापरतात; तिचे घरगुती रूप टाकाऊ तुकड्यावर करता येते. रंग किमान आठवडाभर वाळल्यावर धारदार पात्याने दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा प्लास्टिकपर्यंत पोहोचतील अशा ओढाव्यात, म्हणजे २५ चौकोन तयार होतात. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. रेघांच्या कडांचे किरकोळ कण निघाले तर हरकत नाही. पूर्ण चौकोन निघत असतील तर कोणता थर निघाला ते पाहून वर सांगितलेल्या निदानाकडे परत जावे. ही चाचणी ब्लास्टरवर न करता तुकड्यावर करावी, हे सांगायला नको.

चाचणीत पूर्ण पाया सुटलेला आढळला तर डागडुजी करत बसू नये. सारा रंग उतरवावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने बरेच अ‍ॅक्रिलिक रंग मऊ होऊन निघतात आणि एबीएसला इजा होत नाही. जे निघत नाहीत ते पाण्यासह घासून काढावेत. रंग उतरवण्याचे जेल आणि थिनर कवचालाच मऊ करतात, म्हणून ते टाळावेत.

बाकी पकड चांगली असून एखाद्याच जागचा टवका उडाला असेल, तर त्याच्या कडेची पायरी बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत ६०० च्या ओल्या कागदाने गोलाकार उतरती करावी. पायरी राहिली तर नवा रंग तिच्यावर आरूढ होऊन तेथूनच पुन्हा सुटतो. उघड्या पडलेल्या प्लास्टिकपुरताच प्रायमरचा विरळ हात द्यावा, आजूबाजूच्या शाबूत रंगावर तो फार पसरू देऊ नये, आणि त्यानंतर मूळ क्रमानेच रंग द्यावा. फवाऱ्याऐवजी स्पंजाच्या तुकड्याने टिपकून दिलेला रंग येथे अधिक बेमालूम मिसळतो, कारण त्याला कडेची रेघ उमटत नाही. वरून जुन्या आणि नव्या भागावर मिळून क्लिअरचा एकच पातळ हात दिला की चमक सारखी होते, आणि तो कडक होईपर्यंत ब्लास्टर तारेला टांगून ठेवावा, कुठेही टेकवू नये.